अमेरिकेतील शाळांची दूरसंचार-सवलत : एक आढावा

सार्वजनिक शिक्षणाचा खर्च कोणी सोसावा, ही चर्चा सर्व सुधारलेल्या देशांत पिढ्यानपिढ्या चालत आलेली आहे. परंतु शाळेत येणाऱ्या टेलिफोनचे आणि इंटरनेटचे बिल कोणी भरावे, हा प्रश्न अगदी अलीकडचा आहे. त्याचे उत्तर कायद्याच्या कलमात बांधून, त्यावर जवळजवळ तीन दशके अखंड अंमल चालविणारा देश म्हणजे अमेरिकेची संयुक्त संस्थाने. तेथे ‘ई-रेट’ या नावाने सर्वतोमुखी झालेली योजना शाळांना व सार्वजनिक ग्रंथालयांना इंटरनेटच्या खर्चात कमीत कमी २० आणि जास्तीत जास्त ९० टक्के सवलत देते. आणि ही सवलत काँग्रेसने दरसाल मंजूर केलेल्या अंदाजपत्रकातून येत नसून, दूरसंचार कंपन्यांकडून सक्तीने वसूल होणाऱ्या, म्हणजे अंती सामान्य ग्राहकाच्या मासिक बिलावर येऊन पडणाऱ्या, वर्गणीतून येते. २०२५ साली या वर्गणीची वैधता त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे निर्णयास लागली आणि त्याच वर्षी नियामक आयोगाने सवलतीची कक्षाही पुन्हा आखडून घेतली. तेव्हा हा वाद आज कोणत्या टप्प्यावर येऊन ठेपला आहे, हे शांतपणे पाहण्यास हा प्रसंग योग्य आहे.

आरंभीच एक गोष्ट नमूद करून ठेवणे इष्ट. या योजनेविषयी जे जे लिहिले व बोलले जाते त्यात, तार शाळेपर्यंत पोहोचली काय, पोहोचल्यामुळे मुले अधिक शिकली काय, आणि तिच्या खर्चाचा भार न्यायाने वाटला गेला काय, असे तीन सर्वस्वी भिन्न प्रश्न एकमेकांत मिसळून जातात. एकाच्या उत्तराने दुसऱ्याचा निकाल लावण्याचा प्रयत्न दोन्ही पक्षांकडून होतो. प्रस्तुत लेखकाच्या मते या मिसळीमुळेच वाद लांबत गेला आहे.

पूर्वपीठिका

‘सार्वत्रिक सेवा’ ही अमेरिकन दूरसंचाराच्या इतिहासातील जुनी घोषणा होय. अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ कंपनीचे अध्यक्ष थिओडोर व्हेल यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती प्रचारात आणली तेव्हा तिचा रोख गोरगरिबांच्या घरी टेलिफोन नेण्यावर नसून, एकमेकींशी न जोडलेल्या अनेक कंपन्यांऐवजी देशभर एकच परस्परसंलग्न जाळे असावे, यावर होता. पुढे १९३४ च्या कम्युनिकेशन्स कायद्याने फेडरल कम्युनिकेशन्स कमिशन, म्हणजे ज्याला यापुढे आपण केवळ आयोग म्हणू, त्याची स्थापना केली आणि देशातील सर्व जनतेस वाजवी दरात तारायंत्राची व टेलिफोनची सेवा शक्य तेवढी उपलब्ध व्हावी, हे धोरण कायद्याच्या प्रस्तावनेत नोंदविले. हे धोरण प्रत्यक्षात आणण्याची रीत मात्र पडद्याआडची होती : दूर पल्ल्याच्या संभाषणाचे दर चढे ठेवावयाचे आणि त्यांतून स्थानिक सेवेचे दर उतरते ठेवावयाचे. एकाच कंपनीची मक्तेदारी होती तोवर हा हिशेब घरातल्या घरात भागत असे. १ जानेवारी १९८४ रोजी ती मक्तेदारी मोडली गेली, दूर पल्ल्याच्या व्यवसायात स्पर्धक उतरले, आणि एका खिशातून दुसऱ्या खिशात रक्कम फिरविण्याची ही जुनी सोय उत्तरोत्तर अवघड होत गेली.

१९९६ चा टेलिकम्युनिकेशन्स कायदा या अडचणीतून जन्मास आला. त्याच्या २५४ व्या कलमाने सार्वत्रिक सेवेसाठी लागणारे साहाय्य दरांत दडवून न ठेवता उघडपणे व निश्चित स्वरूपात द्यावे, असे ठरविले. त्याच कलमात मेन राज्याच्या ऑलिम्पिया स्नो, वेस्ट व्हर्जिनियाचे जे रॉकफेलर आणि नेब्रास्काचे जेम्स एक्झॉन व बॉब केरी या चार सिनेटरांच्या दुरुस्तीने शाळा, ग्रंथालये व ग्रामीण दवाखाने यांची नवी तरतूद घातली. या चौघांची राज्ये नजरेखालून घातली म्हणजे दुरुस्तीमागील हेतू उघड होतो. विरळ वस्तीची, डोंगराळ किंवा शेतीप्रधान अशी ती राज्ये, जेथे तार टाकण्याचा खर्च अधिक आणि तो भागविणारे ग्राहक थोडे. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी ८ फेब्रुवारी १९९६ रोजी या कायद्यावर सही केली तीही काँग्रेसच्या ग्रंथालयाच्या वास्तूत.

योजनेची घडण

कायद्याने तत्त्व सांगितले. त्याला आकार दिला तो आयोगाच्या मे १९९७ च्या आदेशाने. वार्षिक खर्चाची मर्यादा सव्वादोन अब्ज डॉलर ठरली आणि सवलतीचे प्रमाण दोन कसोट्यांवर बसविण्यात आले : शाळेतील किती टक्के मुले सरकारच्या मोफत किंवा सवलतीच्या शालेय भोजनास पात्र आहेत, आणि शाळा नागरी भागात आहे की ग्रामीण. भोजनास पात्र मुलांचे प्रमाण ७५ टक्के किंवा अधिक असेल तेथे ९० टक्के सवलत. निम्म्यापासून पाऊणपर्यंत असेल तेथे ८० टक्के. त्याखाली ती उतरत जाऊन, जेथे पात्र मूल जवळजवळ नाहीच अशा संपन्न नागरी शाळेस २० टक्के, व तशाच ग्रामीण शाळेस २५ टक्के. ना-नफा तत्त्वावरील खाजगी शाळाही पात्र धरल्या गेल्या. मात्र ज्यांचा कायम निधी ५ कोटी डॉलरांहून अधिक आहे त्यांना वगळण्यात आले.

या रचनेतील शहाणपण लक्षात घेण्याजोगे आहे. गरिबी मोजण्यासाठी नवे दफ्तर उघडण्याऐवजी, शाळेच्या स्वयंपाकघराच्या नोंदवहीत जे माप आधीच होते तेच हाताशी धरले गेले. आणि कितीही गरीब शाळा असली तरी खर्चाचा काही अंश तिने स्वतः उचलावाच, असे ठरल्याने अनावश्यक मागणीला लगाम बसावा अशी अपेक्षा ठेवली गेली. समजा, एखाद्या शाळेच्या जोडणीचे मासिक बिल १,००० डॉलर आहे आणि तिला ८० टक्के सवलत मिळते. तर शाळा २०० डॉलर भरते व उरलेले ८०० डॉलर सार्वत्रिक सेवा निधीतून चुकते होतात. हे दहा-वीस टक्के हातचे असणे, म्हणजे शाळेने व्यवहारात खरेदीदार राहणे, हाच या योजनेचा आर्थिक कणा आहे.

हिशेब असा सोपा असला तरी तेथवर पोहोचण्याची वाट सोपी नाही. शाळेने प्रथम ४७० क्रमांकाचा अर्ज प्रसिद्ध करून आपणास काय हवे आहे ते जाहीर करावयाचे, किमान २८ दिवस निविदांची वाट पाहावयाची, आलेल्या निविदांची छाननी करताना किमतीला इतर कोणत्याही निकषाहून अधिक गुण द्यावयाचे, करार करावयाचा, मग ४७१ क्रमांकाच्या अर्जाने सवलत मागावयाची. मंजुरी आल्यावर सेवा सुरू झाल्याचा दाखला, त्यानंतर रकमेच्या परतफेडीचा अर्ज, आणि हे सर्व दस्तऐवज १० वर्षे जपून ठेवण्याची जबाबदारी. कंपनीवरही बंधन आहे : समान परिस्थितीतील इतर ग्राहकांना ती जो किमान दर लावते, त्याहून अधिक दर शाळेला लावता येत नाही. मोठ्या शहराच्या शिक्षण खात्याला हे काम सांभाळण्यास स्वतंत्र कारकून असतो. दोनशे मुलांच्या खेड्यातील शाळेत ते मुख्याध्यापकाच्या किंवा एखाद्या शिक्षकाच्या माथी येते. यातून अर्ज भरून देणाऱ्या सल्लागारांचा एक धंदाच उभा राहिला आहे, आणि योजनेच्या समर्थकांचीही सर्वांत जुनी तक्रार हीच आहे की, ज्यांना सवलतीची गरज सर्वाधिक, त्यांच्यापाशीच हे कागदपत्र सांभाळण्याचे बळ सर्वांत कमी.

पहिले दशक

योजना प्रत्यक्षात उतरली ती १९९८ साली, आणि उतरताक्षणीच राजकारणाच्या भोवऱ्यात सापडली. दूर पल्ल्याच्या टेलिफोन कंपन्यांनी बिलांवर या वर्गणीची वेगळी ओळ छापण्यास आरंभ केला. उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांनी योजनेचा हिरिरीने पुरस्कार केलेला असल्यामुळे विरोधकांनी तिला ‘गोर कर’ असे नाव दिले. काँग्रेसच्या हिशेबतपासणी कार्यालयाने आणखी मूलगामी आक्षेप घेतला : योजना चालविण्यासाठी आयोगाने जे नवे महामंडळ उभे केले, ते उभे करण्याचा अधिकारच त्याला नव्हता. आयोगाने जून १९९८ मध्ये वसुलीस कात्री लावली आणि १९९९ च्या आरंभापासून ते महामंडळ युनिव्हर्सल सर्व्हिस अॅडमिनिस्ट्रेटिव्ह कंपनी या ना-नफा संस्थेत विलीन केले. हीच संस्था आजही कारभार पाहते. त्याच वर्षी पाचव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने शाळांच्या सवलतीचा गाभा कायम केला, आणि पहिले वादळ शमले.

जोडणीच्या बाबतीत पुढची वर्षे वेगाने गेली. शिक्षण खात्याच्या आकडेवारीनुसार सार्वजनिक शाळांतील ज्या अध्यापन-खोल्यांत इंटरनेट होते त्यांचे प्रमाण १९९४ मध्ये ३ टक्के व १९९६ मध्ये १४ टक्के होते; ते १९९८ मध्ये ५१, २००० मध्ये ७७ आणि २००५ मध्ये ९४ टक्क्यांवर गेले. याचे सारे श्रेय योजनेस देणे मात्र चुकीचे होईल; १९९६ ते १९९८ ही झेप बहुतांशी सवलतीची रक्कम हाती येण्यापूर्वीची आहे, आणि संगणक त्या काळात घरोघरी व कचेऱ्यांतही शिरतच होते. ही सावधगिरी समर्थक फारशी बाळगत नाहीत.

याच काळात गैरव्यवहारही उजेडात आले. २००४ मध्ये एनईसी-बिझनेस नेटवर्क सोल्यूशन्स या कंपनीने सॅन फ्रान्सिस्कोसह अनेक ठिकाणच्या शाळांच्या कंत्राटांत निविदा संगनमताने ठरविल्याचा व फसवणुकीचा गुन्हा कबूल केला आणि दंड व भरपाई मिळून २ कोटी ७ लाख डॉलर देण्याचे मान्य केले. पोर्तो रिकोमध्ये सुमारे दहा कोटी डॉलर खर्ची पडूनही उपकरणांचा मोठा साठा वर्षानुवर्षे गोदामात पडून राहिल्याचे काँग्रेसच्या समितीपुढे निष्पन्न झाले. २००५ च्या अहवालात हिशेबतपासणी कार्यालयाने आयोगाच्या देखरेखीतील ढिलाईवर नेमके बोट ठेवले. ९० टक्के रक्कम तिसऱ्याच्या खिशातून येते तेथे उरलेल्या १० टक्क्यांचा लगाम पुरेसा पडत नाही, ही समीक्षकांची शंका या प्रकरणांनी निराधार ठरली नाही. पुढे २०१४ च्या पुनर्रचनेत अंतर्गत जोडणीची कमाल सवलत ८५ टक्क्यांवर आणली गेली, त्यामागे हाच अनुभव होता.

सवलतीच्या बदल्यात शाळेने काय स्वीकारावे, हा उपप्रश्नही याच दशकात उपस्थित झाला. डिसेंबर २००० मध्ये संमत झालेल्या बालकांच्या इंटरनेट-संरक्षणाच्या कायद्याने, इंटरनेटसाठी सवलत घेणाऱ्या प्रत्येक शाळेस व ग्रंथालयास अश्लील दृश्ये अडविणारी गाळणी बसविणे सक्तीचे केले. ग्रंथपालांच्या संघटनेने वाचनस्वातंत्र्याच्या मुद्द्यावर दाद मागितली. परंतु २३ जून २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी कायदा वैध ठरविला, आणि प्रौढ वाचकाने मागणी करताच गाळणी दूर करता येते, या गोष्टीस त्या निर्णयात बरेच वजन होते. काही ग्रंथालयांनी सवलतच नाकारून आपले तत्त्व राखले.

२०१४ ची पुनर्रचना

पहिल्या दीड दशकानंतर योजनेचे जुने माप अपुरे पडू लागले. अग्रक्रम दोन होते : पहिला शाळेपर्यंत येणाऱ्या सेवेचा, ज्यात टेलिफोनही आला, दुसरा शाळेच्या आतील तारांचा व उपकरणांचा. पहिल्या अग्रक्रमाची मागणी निधीचा बहुतेक भाग खाऊन टाकी, दुसऱ्याचा लाभ केवळ अतिगरीब शाळांना मिळे, आणि २०१३ व २०१४ मध्ये तर दुसऱ्यासाठी काही उरलेच नाही. म्हणजे जुन्या टेलिफोनचे बिल भरण्यास पैसा होता आणि वर्गातील वाय-फायसाठी नव्हता. जून २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी उत्तर कॅरोलिनातील मूर्सव्हिल येथे, पाच वर्षांत ९९ टक्के विद्यार्थ्यांपर्यंत वेगवान जोडणी नेण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. अध्यक्ष टॉम व्हीलर यांच्या आयोगाने २०१४ मध्ये दोन आदेश काढून योजनेची घडी बदलली. टेलिफोनची सवलत दरसाल २० टक्क्यांनी घटवीत संपविण्यात आली. अंतर्गत जोडणीसाठी प्रत्येक शाळेस पाच वर्षांकरिता दर विद्यार्थ्यामागे १५० डॉलरचे स्वतंत्र अंदाजपत्रक मिळाले. शाळांना न वापरलेले फायबर भाड्याने घेण्याची, आणि ते स्वस्त पडत असेल तर स्वतःचे जाळे उभारण्याची मुभा झाली. आणि वार्षिक मर्यादा ३.९ अब्ज डॉलर करण्यात आली.

दोन्ही आदेश तीन विरुद्ध दोन मतांनी संमत झाले. विरोधी मत देणारे अजित पै यांनी आदल्या वर्षीच वेगळी योजना मांडली होती : अग्रक्रमांची उतरंड काढून टाकावी, दर विद्यार्थ्यामागे ठरावीक रक्कम शाळेच्या नावे करावी, गरीब व दूरच्या शाळांस ती वाढवून द्यावी, अर्ज दोन-चार पानांत आटोपावेत, आणि निधी न वाढविता शाळेलाच आपली निवड करू द्यावी. पुढे बहुमताच्या आदेशातील दर विद्यार्थ्यामागील अंदाजपत्रक पाहिले म्हणजे या सूचनेचा एक धागा त्यात उतरल्याचे दिसते; मतभेदाच्या गोंगाटात हे साम्य झाकले गेले.

या पुनर्रचनेचे फळ मोजता येण्यासारखे आहे. शाळांच्या जोडणीचे मापन करणाऱ्या ‘एज्युकेशन सुपर हायवे’ या संस्थेच्या गणनेनुसार, दर विद्यार्थ्यामागे सेकंदाला १०० किलोबिट हे किमान उद्दिष्ट २०१३ मध्ये सुमारे ३० टक्के शाळा-जिल्हे गाठत होते. २०१९ मध्ये ९९ टक्के गाठू लागले. वार्षिक मर्यादा महागाईनुसार वाढत आता पाच अब्जांच्या आसपास गेली आहे, आणि मागणी बहुतेक वर्षी तिच्या बरीच खाली राहते. तार पोहोचविण्यापुरते पाहावयाचे तर योजनेने आपले काम केले आहे, याविषयी दोन्ही पक्षांत आज फारसे दुमत नाही.

शिक्षण सुधारले काय?

खरा अवघड प्रश्न येथून सुरू होतो. ऑस्टन गुल्सबी व जोनाथन गुर्यान या अर्थशास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियातील शाळांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला. सवलतीचे टप्पे ठरीव असल्यामुळे, भोजनाच्या प्रमाणात अल्पसा फरक असलेल्या दोन शाळांच्या सवलतीत मोठा फरक पडतो. या योगायोगाचा त्यांनी चतुराईने उपयोग केला. त्यांच्या मते २०००-०१ पर्यंत दर शिक्षकामागे इंटरनेट असलेले वर्ग, सवलत नसती तर झाले असते त्यापेक्षा ६८ टक्क्यांनी अधिक झाले. परंतु विद्यार्थ्यांच्या परीक्षेतील गुणांवर मोजता येण्याजोगा परिणाम आढळला नाही. टॉमस हॅझलेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर कॅरोलिनातील माध्यमिक शाळांवरून असाच, किंबहुना अधिक कठोर निष्कर्ष काढला. पोर्तुगालमधील शाळांच्या जोडणीवर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर, जेथे इंटरनेटचा वापर अधिक तेथे नववीचे गुण घटल्याचे, आणि जेथे यूट्यूबसारख्या स्थळांना मज्जाव होता तेथे ही घट कमी असल्याचे दिसून आले.

समर्थकांचे उत्तर दुर्लक्षिण्याजोगे नाही. तारेकडून गुणवाढीची अपेक्षा करणे म्हणजे शाळेच्या वीजजोडणीकडून गुणवाढीची अपेक्षा करणे होय, असे ते म्हणतात. ती शिकविण्याची पद्धत नव्हे, शाळा चालण्याची पूर्वअट आहे. आज अनेक राज्यांतील वार्षिक परीक्षाच संगणकावर होतात. अलास्कातील एकाकी वस्तीवरील शाळेत एखाद्या विषयाचा शिक्षक नसतो तेथे तो दूरच्या शहरातून पडद्यावर येतो. शिवाय गुणांच्या अभ्यासांत शिक्षकांचे प्रशिक्षण जमेस धरलेले नसते. आणि हे प्रशिक्षण सवलतीच्या कक्षेबाहेर आहे, तसेच विद्यार्थ्यांच्या हातचे संगणकही. तार दिली, पण तिचा उपयोग शिकविण्याची तजवीज केली नाही, ही त्रुटी कायद्याच्या मूळ रचनेतच आहे.

लेखकाला या वादात समर्थकांचे म्हणणे तत्त्वतः अधिक पटते. पण त्याची किंमत त्यांनी मान्य करावयास हवी. जर जोडणी ही केवळ पूर्वअट असेल, तर शैक्षणिक क्रांतीची जी आश्वासने १९९६ पासून प्रत्येक आदेशाच्या वेळी दिली गेली ती सोडून द्यावी लागतील, आणि योजनेचे समर्थन ग्रामीण व गरीब शाळांना इतरांच्या बरोबरीची सोय मिळावी, एवढ्या साध्या न्यायाच्या भूमिकेवर करावे लागेल.

शाळेची हद्द

दरम्यान प्रश्नाने स्वतःच स्थलांतर केले. शाळेत वेगवान जोडणी आली, गृहपाठ जोडणीवर अवलंबू लागला, आणि ज्या मुलाच्या घरी ती नाही ते मागे पडू लागले. आयोगाच्या सदस्या व नंतर अध्यक्षा झालेल्या जेसिका रोझनवर्सेल यांनी हा मुद्दा वर्षानुवर्षे लावून धरला. महामारीच्या काळात काँग्रेसने घरगुती जोडण्या व संगणक यांसाठी सात अब्जांहून अधिक डॉलरचा तात्पुरता आपत्कालीन निधी दिला. तो संपत आल्यावर रोझनवर्सेल यांच्या आयोगाने ऑक्टोबर २०२३ मध्ये शाळेच्या बसमधील वाय-फाय, आणि जुलै २०२४ मध्ये घरी नेण्याचे हॉटस्पॉट, मूळ योजनेच्याच सवलतीस पात्र ठरविले.

आक्षेप दोन दिशांनी आले. पहिला कायद्याच्या शब्दांचा : कलमात वर्ग व ग्रंथालय यांचा उल्लेख आहे, बसचा किंवा घराचा नाही, तेव्हा आयोगास इतके ताणण्याचा अधिकार नाही. दुसरा पालकत्वाचा : घरी नेलेल्या जोडणीवर शाळेची देखरेख चालत नाही. सिनेटर टेड क्रूझ यांचा हॉटस्पॉटविरोधी ठराव मे २०२५ मध्ये सिनेटने संमत केला, आणि ब्रेंडन कार यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने ३० सप्टेंबर २०२५ रोजी दोन्ही सवलती काढून घेतल्या. ज्या शाळांनी व ग्रंथालयांनी या भरवशावर अर्ज केले होते त्यांची पंचाईत झाली. कायद्याचा अर्थ काहीही असो, दोन वर्षांत दोनदा दिशा बदलणारा नियम ज्यांना अंदाजपत्रक वर्षभर आधी बांधावे लागते अशा संस्थांना फारच जाचक आहे, एवढे तरी निःपक्षपातीपणे म्हणता येईल.

भार कोणावर?

सर्वांत कठीण गाठ निधीच्या उत्पन्नाची आहे. वर्गणी बसते ती कंपन्यांच्या आंतरराज्यीय व आंतरराष्ट्रीय दूरसंचाराच्या उत्पन्नावर. ब्रॉडबँड इंटरनेटच्या उत्पन्नावर ती बसत नाही. लोक टेलिफोनवर बोलणे कमी करून इंटरनेटकडे वळले तसतसा हा पाया झिजत गेला आणि पहिल्या वर्षांच्या तुलनेत निम्म्याहून खाली आला. निधीची गरज मात्र, ज्यात शाळांखेरीज ग्रामीण कंपन्यांचे अनुदान, गरीब कुटुंबांची सवलत व ग्रामीण आरोग्यसेवा येते, वर्षाला आठ अब्ज डॉलरच्या घरात कायम राहिली. परिणामी २००१ च्या सुमारास सात टक्क्यांच्या आसपास असलेला वर्गणीचा दर २०२५ मध्ये ३६ टक्क्यांच्या वर गेला. ज्या वृद्ध ग्राहकाच्या घरी केवळ तारेचा टेलिफोन आहे, तो शाळेच्या फायबरचा खर्च उचलतो, आणि जो केवळ इंटरनेट वापरतो तो उचलत नाही. या विसंगतीचे समर्थन कोणीही करीत नाही. अर्थशास्त्रज्ञ जेरी हाउसमन यांनी योजनेच्या पहिल्याच वर्षी दाखवून दिले होते की, दर वाढताच ज्या सेवेचा वापर चटकन घटतो अशा दूर पल्ल्याच्या संभाषणावर हा भार टाकणे समाजास विशेष महाग पडते.

उपाय सुचविले गेले आहेत ते असे : ब्रॉडबँडच्या उत्पन्नावरही वर्गणी बसवावी, म्हणजे दर एकदम उतरेल, पण इंटरनेट महागेल; जाळ्यावर सर्वाधिक भार टाकणाऱ्या मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांकडून ती घ्यावी, म्हणजे नवा करदाता मिळेल, पण त्याची व्याख्या करणे आणि वसुली करणे अवघड; किंवा वर्गणी रद्द करून सर्व खर्च काँग्रेसने अंदाजपत्रकातून द्यावा, म्हणजे भार सर्व करदात्यांवर पसरेल, पण शाळांना दरसाल राजकीय सौद्याची वाट पाहावी लागेल. दोन्ही पक्षांच्या सदस्यांचा एक गट काँग्रेसमध्ये २०२३ पासून यावर विचार करीत आहे.

न्यायालयांचा निर्णय

याच वर्गणीवर घटनात्मक हल्ला झाला. कन्झ्युमर्स रिसर्च या संस्थेचे म्हणणे असे की, ही वर्गणी प्रत्यक्षात कर आहे, कर बसविण्याचा अधिकार काँग्रेसचा आहे, तो तिने रकमेची मर्यादा न घालता आयोगास दिला आणि आयोगाने दर ठरविण्याचे काम एका खाजगी कंपनीवर सोपविले. पाचव्या सर्किटने जुलै २०२४ मध्ये नऊ विरुद्ध सात मतांनी हे मान्य केले. २७ जून २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो निर्णय फिरविला. न्यायमूर्ती एलेना केगन यांनी लिहिले त्याचा आशय असा की, सेवा पुरविण्यास पुरेसे असेल तेवढेच वसूल करावे, हे बंधन कायद्यात आहे आणि ते खरे बंधन आहे. खाजगी कंपनी आकडे सुचविते, निर्णय आयोगाचाच राहतो. न्यायमूर्ती नील गॉर्सच यांच्या भिन्नमतपत्रिकेत न्यायमूर्ती टॉमस व अलिटो सहभागी झाले. आकड्याची मर्यादा नसलेली कर-वसुली हा काँग्रेसच्या हक्कावर घाला आहे, हा त्यांचा मुद्दा निर्णयानंतरही विचारार्ह राहतो. त्याआधी फेब्रुवारीत विस्कॉन्सिन बेल या कंपनीच्या खटल्यात न्यायालयाने एकमताने ठरविले की, शाळांकडून वाजवीहून अधिक दर घेतल्याचा आरोप सरकारी पैशाच्या फसवणुकीच्या जुन्या कायद्याखाली चालू शकतो. शाळांच्या दृष्टीने हा निकाल वर्गणीवरील निकालाइतकाच मोलाचा आहे, कारण किमान दराच्या नियमाला त्यामुळे दात आले.

आपल्याकडील वाचकास येथे एक तुलना उपयोगी पडेल. भारतातही दूरसंचार कंपन्यांकडून त्यांच्या समायोजित उत्पन्नाच्या पाच टक्के आकारणी सार्वत्रिक सेवेसाठी होते आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्या निधीस डिजिटल भारत निधी असे नाव दिले; परंतु ती रक्कम प्रथम देशाच्या संचित निधीत जमा होते आणि संसदेच्या मंजुरीनेच खर्ची पडते. अमेरिकेत ज्या मुद्द्यावर खटला चालला तो मुद्दा आपल्याकडे उद्भवतच नाही. उलट अमेरिकन शाळेला जी हमी आहे, की निकषांत बसल्यास सवलतीचा अर्ज करता येईलच, ती आपल्याकडे नाही. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात भारतनेटमधून ग्रामीण भागातील सर्व शासकीय माध्यमिक शाळांना ब्रॉडबँड देण्याची घोषणा झाली, ती मुळात शासनाने जोडणी नेऊन देण्याची आहे, शाळेने ती निवडून विकत घेण्याची नव्हे.

आज अनिर्णित काय आहे, ते यावरून स्पष्ट व्हावे. शाळेपर्यंत तार नेण्याचा प्रश्न मिटला आहे. गुणवाढीचा प्रश्न योजनेपुढे टाकणेच गैर आहे. घरच्या जोडणीचा प्रश्न आयोगाच्या अर्थलावणीने सुटणारा नसून त्याला कायद्याची स्पष्ट दुरुस्ती हवी. आणि वर्गणीचा पाया कायदेशीर ठरला असला तरी आर्थिकदृष्ट्या तो टिकणारा नाही. शेवटच्या दोन्ही गोष्टी न्यायालयाच्या किंवा आयोगाच्या हातच्या नाहीत. १९९६ चे कलम ज्या काँग्रेसने लिहिले, तिनेच ते पुन्हा उघडून वर्गणीचा पाया रुंद करावयास हवा, आणि हे काम दर आणखी चढण्यापूर्वी व्हावयास हवे. कारण दर चढत राहिला तर त्याचा रोष शेवटी ज्या खेड्यातील शाळांसाठी ही सवलत निर्माण झाली, त्यांच्याच सवलतीवर येऊन पडेल.